ब्राझीलमध्ये बाळंतपण आणि कुटुंबाचं वास्तव्य: आधी दाखले, मग तिकिटं

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. नावाच्या रकान्यात आडवी रेघ, खाली 'स्त्री', आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख. बत्तीस वर्षं त्यावाचून माझं काही अडलं नाही. शाळेच्या दाखल्यावर पासपोर्ट निघाला, लग्न झालं, थोरली लेक झाली. अडलं ते ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात, अकरा दिवसांचं बाळ पोटाशी बांधून वास्तव्याच्या अर्जासाठी खिडकीसमोर उभी होते तेव्हा. समोरच्या बाईंनी माझा दाखला दोनदा उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा कुणाचा आहे?"

हे लिहायला बसले ते त्या दाखल्यामुळे. नात्यातल्या, ओळखीतल्या मुली फोन करून विचारतात, "ताई, तिकडे बाळंतपण केलं की पासपोर्ट मिळतो ना?" मिळतो, पण बाळाला. आईवडिलांना मिळतो तो वास्तव्याचा हक्क, आणि तो टिकवायला तिथे खरोखर राहावं लागतं. घर करायचं मनात असेल तरच पुढचं वाचा. नुसता कागद घेऊन परत यायचं असेल, तर पैसा, दगदग आणि पोटातल्या बाळाला लांबचा प्रवास ह्यातलं काहीच करण्यात अर्थ नाही.

आधी कायदा थोडक्यात. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेतल्या बाराव्या कलमानुसार त्या भूमीवर जन्मलेलं मूल जन्मतः ब्राझीलचं नागरिक असतं. परदेशी सरकारच्या सेवेसाठी तिथे आलेल्यांची मुलं तेवढी अपवाद. २०१७ च्या स्थलांतर कायद्यात 'कुटुंब एकत्रीकरण' म्हणून वास्तव्य मिळतं, त्यात ब्राझिलियन मुलाचे आईवडील येतात आणि भावंडंही. म्हणून आमची थोरलीही धाकट्याच्या बोटाला धरून कायद्यात बसली. एरवी नागरिकत्वासाठी चार वर्षं राहावं लागतं. मूल ब्राझिलियन असेल तर एक वर्ष पुरतं. मात्र पोर्तुगीज यावी लागते, आणि तिचा पुरावा द्यावा लागतो.

अमेरिकेशी ह्याची गल्लत करू नका. तिथे जन्मलेलं मूल एकवीस वर्षांचं झाल्यावरच आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं, आणि मुख्य हेतू बाळंतपणाचा दिसला तर २०२० पासून पर्यटक व्हिसा नाकारतात. कॅनडात बाळाला नागरिकत्व आहे, आईवडिलांना त्यातून काही नाही. आपल्याकडेही १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण जन्मानेच भारतीय ठरायचा. नंतर आईवडिलांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. हे दरवाजे जगभर लहान होत चालले आहेत, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीचा नियम ब्राझीलच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात विचारा. माझ्या अनुभवावर विसंबू नका.

आता दाखले. हे सगळं पाचव्या महिन्याच्या आत उरकायचं. नवरा, बायको, थोरलं मूल, प्रत्येकाचा जन्मदाखला; त्यावर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव पूर्ण हवं. ब्राझीलमध्ये माणसाची ओळख आईच्या नावावरून पटवतात, प्रत्येक फॉर्मवर 'नोमी दा माइं' म्हणजे आईचं नाव विचारतात. आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर आईचं नाव 'सौ. सुमन' एवढंच, आडनाव नाही, आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानावर 'सुमन विठ्ठल जाधव'. आपल्याला ती एकच बाई आहे हे कळतं, तिथल्या माणसाला कळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर विवाहनोंदणीचा दाखला जिवापाड सांभाळायचा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव ह्यांना जोडणारा तेवढाच पूल असतो.

दाखले दुरुस्त झाले की मंत्रालयातून राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात तो शिक्का. ब्राझील २०१६ पासून अपोस्टिल मानतो, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. भाषांतर मात्र पुण्यामुंबईत करून घेऊ नका. ते तिथल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच हवं. आम्ही पुण्यात एका एजंटला भाषांतराचे पैसे मोजले आणि ती पानं तिथे रद्दी ठरली. सोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही काढा. तो सगळ्यात शेवटी काढायचा, कारण जुना झाला की चालत नाही.

माझ्या दाखल्यावर नाव चढवायला भावाने गावी किती हेलपाटे घातले ते तोच जाणे. शाळा सोडल्याचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र, पुन्हा मंत्रालय, पुन्हा अपोस्टिल, मग कुरियर. नवऱ्याचं काम पहिल्या फेरीत झालं, माझं अडीच महिन्यांनी. तोवर मी ओल्या बाळंतिणीच्या अंगाने पर्यटक म्हणून मुदतवाढीच्या रांगेत. हे तुमच्या वाट्याला येऊ नये.

व्हिसाच्या अर्जात खरं लिहा. बाळंतपण तिथे करणार आहोत, राहण्याची आणि खर्चाची सोय ही अशी. आम्ही तसंच लिहिलं. नवऱ्याने पूर्वी कुरितिबात दीड वर्ष कंपनीच्या कामावर काढलं होतं, शहर त्याच्या पायाखालचं होतं, म्हणून आम्ही ते निवडलं. दुसरं कारण डासांचं. २०१५-१६ मध्ये डासांमुळे पसरणाऱ्या झिका ह्या आजाराच्या साथीने ब्राझीलमधल्या, विशेषतः ईशान्येकडच्या गरोदर बायकांवर केवढं संकट आणलं हे विसरून चालणार नाही. कुरितिबा दक्षिणेला, उंचावर, थंड. तरीही बाळंतपण होईपर्यंत मी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम सोडलं नाही.

ह्याच ओघात पीतज्वराची लस. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. ही जिवंत विषाणूची लस, गरोदरपणात सहसा देत नाहीत. म्हणून मूल होऊ द्यायचा विचार ठरला की आधी डॉक्टरांना विचारून ती घेऊन टाका. कार्ड आता जन्मभर चालतं. दिवस राहून गेले असतील तर डॉक्टरांचं पत्र सोबत हवं.

थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबावरून जावं लागतं, आणि दुबई ते साओ पावलो हा एकच टप्पा पंधरा तासांच्या आसपास. बऱ्याच विमान कंपन्या अठ्ठावीस-एकोणतीस आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीसनंतर घेतच नाहीत. मी सव्विसाव्या आठवड्यात गेले. ते योग्य ठरलं: अंगात बळ होतं, आणि तिथल्या डॉक्टरांना मला ओळखायला पुरेसा वेळ मिळाला. पायात घट्ट मोजे, दर तासाला उठून चालणं, पाणी.

पोचल्याबरोबर सीपीएफ काढा. हा तिथला कर क्रमांक, पण सिमकार्डापासून घरभाड्यापर्यंत त्याच्यावाचून पान हलत नाही. औषधाच्या दुकानातसुद्धा पैसे घेण्याआधी तोच विचारतात. भारतातूनही त्याचा अर्ज करता येतो.

दवाखान्याचं सांगते. सरकारी आरोग्यसेवा, 'सूस', परदेशी माणसालाही मोफत आहे. आम्ही तपासण्या तिथल्या जवळच्या केंद्रात केल्या, बाळंतपण खासगीत. खासगीत डॉक्टर, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि खोली ह्यांची बिलं वेगवेगळी येतात, तेव्हा प्रत्येकाचा आकडा लिहून घ्या. बाळाला काचेत ठेवावं लागलं तर रोजचा खर्च किती, हा प्रश्न तोंडावर आणवत नाही, पण विचारा. तेवढी रक्कम बाजूला नसेल तर सरकारी प्रसूतिगृहच बरं.

आणखी एक. ब्राझीलमध्ये निम्म्याहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने होतात, खासगीत तर फारच. नैसर्गिक हवं असेल तर पहिल्याच भेटीत 'पार्तु नोर्माउ' म्हणा आणि डॉक्टरांचा चेहरा बघा. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी लगेच तारखांची वही उघडली. मी डॉक्टर बदलल्या.

कळांच्या वेळी पोर्तुगीज सुचत नाही, म्हणून चार शब्द आधी पाठ करा. दोर म्हणजे दुखणं, सांगी म्हणजे रक्त. पाणमोट फुटली हे सांगायला 'बोल्सा एस्तोरो', म्हणजे पिशवी फुटली. आपल्यासारखंच! आणि 'फोर्सा' म्हणजे जोर लाव. माझ्या पायाशी उभ्या दोन सुईणी 'फोर्सा, माइं, फोर्सा' ओरडत होत्या. तिथे बाळंतिणीला सगळे 'माइं', आई, म्हणूनच हाक मारतात. नवरा पूर्ण वेळ उशाशी होता. २००५ च्या कायद्याने बाळंतिणीला आपल्या पसंतीचं एक माणूस जवळ ठेवण्याचा हक्क आहे. थोरलीच्या वेळी पुण्यात तो दाराबाहेर बाकावर बसला होता आणि मी आत एकटी. ह्या एका गोष्टीसाठी मला त्या देशाबद्दल कायमची माया आहे.

आई तीन महिन्यांसाठी आली होती. डिंक ती घेऊन आली, बाकीचं तिथे मिळालं. 'हापादुरा' म्हणून वड्या मिळतात तो आपला गूळच, आईने जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "कोल्हापुरी नाही, पण चालंल." त्यात खोबरं आणि तीळ घालून लाडू झाले. शेजारच्या आजी कोंबडीचं सूप घेऊन आल्या आणि चाळीस दिवस थंड पाण्याला हात लावायचा नाही म्हणून बजावून गेल्या. त्याला तिथे 'हेस्गुआर्दु' म्हणतात. आईला भाषेचं अक्षर कळलं नाही, पण सव्वा महिना तिला बरोबर कळला. जुलै तिथे ऐन थंडीचा आणि घरात ऊब नसते. विजेचा हीटर आधी घ्या, बाळाची अंघोळ दुपारी ऊन असताना करा.

जन्म झाला की दवाखाना 'जिवंत जन्माची घोषणा' देतो. तिच्या तीन रंगांच्या प्रतींपैकी पिवळी आपली. ती घेऊन पंधरा दिवसांच्या आत कार्तोरियो म्हणजे नोंदणी कचेरीत जायचं. मोठ्या प्रसूतिगृहांत तिची खिडकी आतच असते. नोंदणी आणि पहिला दाखला फुकट, बाळाचा सीपीएफ त्यावरच छापून येतो. बारशापर्यंत नाव ठरवायचं नाही हा आपला रिवाज; पण दाखला हातात आल्याशिवाय वास्तव्याचा अर्ज होत नाही, तेव्हा नाव आधीच ठरवून ठेवा. बारसं आम्ही बाराव्या दिवशीच केलं, पाळणा म्हटला, फक्त नाव कानात सांगण्याआधी कागदावर पोचलं होतं. नाव निवडताना ते तिथल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. सुरुवातीचा र तिथे ह होतो: रोहनचा 'होआन', रेवाची 'हेवा'. वेदांतचा 'वेदांची' होतो. मधलं नाव वडिलांचं, मग आडनाव, ही आपली रीत त्यांना नवी. कागदावर लिहून न्या आणि सही करण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा.

मग पोलिसिया फेडरल, म्हणजे तिथले केंद्रीय पोलीस; वास्तव्याचा अर्ज त्यांच्याकडेच करायचा. फॉर्म आणि वेळ ऑनलाइन, शुल्क बँकेत, बोटांचे ठसे. अर्ज लागला की त्याच दिवशी पोचपावती मिळते, कार्ड मागाहून. दोन वर्षांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलात तर वास्तव्य जाऊ शकतं.

आता ज्याच्यावर रात्री जागवाव्या लागतात तो प्रश्न. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशात जन्मलेल्या बाळाची वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करता येते, पण त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. उलट ब्राझील म्हणतं, आमच्या नागरिकाने ये-जा आमच्याच कागदावर करावी. आम्ही ब्राझीलचा पासपोर्ट घेतला आणि बाळासाठी ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाचा, अर्ज केला. आईवडील भारतीय असतील तर अल्पवयीन मुलाला ते मिळतं. सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "मग सातबाऱ्यावर त्याचं नाव लागंल का?" ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. मतदान नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. हे त्यांना फोनवर नाही, समोर बसून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग बाळाला मांडीवर घेतलं. आम्ही दोघांनी अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, वर्ष उलटलं तरी. तो निर्णय प्रत्येकाने आपापला आणि सावकाश घ्यावा.

मुलगा असेल तर अठराव्या वर्षी तिथे लष्करी भरतीसाठी नाव नोंदवणं सक्तीचं आहे. आणि एक पालक एकटाच बाळाला घेऊन देशाबाहेर निघाला तर दुसऱ्याची साक्षांकित परवानगी लागते. तिची एक प्रत कायम पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. वर्षाखालच्या बाळाचा पासपोर्ट एकच वर्ष चालतो; आमचा गणपतीला गावी येण्याच्या तीन आठवडे आधी संपत होता, हे आईनेच तारीख वाचून दाखवलं.