नाताळची डॉपेलबॉक: सप्टेंबरात चढवायची, डिसेंबरात उघडायची

डॉपेलबॉक ही बव्हेरियाची गडद तांबूस लागर (थंडीत आंबवलेली) बिअर. चवीला पावाच्या खरपूस कडेसारखी, आणि अंगात सात-आठ टक्के अल्कोहोल. म्युनिकच्या पाउलानर मठातल्या भिक्षूंनी ती उपासाच्या दिवसांत पोटाला आधार म्हणून बनवली. तिचं नाव 'साल्वाटोर'. त्यावरूनच आजही बहुतेक डॉपेलबॉकांच्या नावाला शेवटी 'आटोर' लागतं. तो उपास ईस्टरच्या आधीचा. पण ही बिअर नाताळात, भाजलेलं बदक किंवा जुनं मुरलेलं चीज समोर असताना सगळ्यात खुलते. तिच्याच जातीची, स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेली 'सामिक्लाउस' दरवर्षी ६ डिसेंबरला, सेंट निकोलसच्या दिवशी चढवतात आणि थेट पुढच्या वर्षी बाटलीत भरतात. या बिअरला किती सबुरी लागते ते यावरून कळावं.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, अगदी घरापुरती असली तरी. ही कृती जिथे मुभा आहे तिथल्या मराठी मंडळींसाठी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मोकळीक दिली, तरी आपल्या राज्याचा नियम पाहून घ्यावा. बनवलेली बिअर विकायची नाही.

आता दिवसांचा हिशेब. आंबवण तीन आठवडे, थंडीत मुरवण आठ आठवडे, बाटलीत फेस धरायला तीन आठवडे: एकूण चौदा. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या सुमारास, चूल पेटली पाहिजे. दिवाळीत बिअर फ्रिजमध्ये मुरत असेल. नोव्हेंबरात सुरू करून नाताळला डॉपेलबॉक होत नाही. तेव्हा उशीर झालाच असेल तर ती पुढच्या ईस्टरसाठी करावी, घाईने उरकू नये.

साहित्य: २० लिटरसाठी

म्युनिक माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं जव; रंगाच्या मापात १५ ते २५ ईबीसी): ५.६ किलो
पिल्सनर माल्ट: २ किलो
कॅराम्युनिक २ (कॅरामल माल्ट): ३५० ग्रॅम
काराफा स्पेशल २ (काळं भाजलेलं माल्ट): ५० ग्रॅम, फक्त रंगासाठी
हालरटाउ मिटेलफ्र्यू हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं; ४ टक्के अल्फा, म्हणजे कडू आम्ल): ७० ग्रॅम
लागर यीस्ट डब्ल्यू-३४/७०: ११.५ ग्रॅमची ४ पाकिटं, आणि बाटल्या भरताना वेगळी २ ग्रॅम
हाताशी असू द्यावं: सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट ५०० ग्रॅम, बिअर नितळ करणाऱ्या व्हर्लफ्लॉकची एक गोळी, पाणी शुद्ध करणाऱ्या कॅम्पडेनची अर्धी गोळी

यातून सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०८०, शेवटची १.०२० च्या आसपास, अल्कोहोल ७.८ टक्क्यांच्या जवळ आणि कडवटपणा सुमारे २४ आयबीयू येतो. हॉप्सच्या पाकिटावर अल्फा वेगळा असेल तर ग्रॅम आणि अल्फाचा गुणाकार २८० ठेवावा. १२ टक्क्यांचं मॅग्नम घेतलं तर २३ ग्रॅम पुरतात.

माल्टीपणा कॅरामल माल्टमधून येतो असं समजून लोक ते किलोभर घालतात. मग बिअर टॉफीसारखी चिकट गोड होते, दुसरा ग्लास नकोसा वाटतो. डॉपेलबॉकची खरी चव म्युनिक माल्टची. त्याला सढळ हात, बाकीच्यांना चिमूट.

भांडं किती मोठं? आठ किलो दळलेलं माल्ट आणि २४ लिटर पाणी मिळून साडेएकोणतीस लिटर होतात. मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचं, भांडं निदान ३५ लिटरचं हवं, उकळीचं ४० चं. ते नसेल तर सगळंच प्रमाण निम्मं करा.

मॅश

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामिन असतं. ते गेलं नाही तर बिअरला औषधाचा वास येतो. लागणाऱ्या एकूण ३७ लिटर पाण्यात कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून घातली की काही मिनिटांत काम होतं. पाणी फारच मृदू असेल तर चमचाभर कॅल्शियम क्लोराईड घालावं. मॅशचा पीएच ५.३ ते ५.५ मध्ये असावा. एवढ्या म्युनिक माल्टने तो सहसा आपोआप येतो.

२४ लिटर पाण्याचं आधण ७३-७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. माल्ट घरातल्या तापमानाला असेल तर ते घातल्यावर मॅश ६७ वर स्थिरावतो. माल्ट थोडं थोडं घालत ढवळा. गुठळी राहिली तर तिच्या पोटातलं पीठ कोरडंच राहतं. झाकण, वर जाड घोंगडी, ७५ मिनिटं. तापमान ६९-७० वर गेलं तर यीस्टला न पचणारी साखर वाढते आणि बिअर १.०३० वर अडकते. म्हणून चुकायचंच असेल तर अंशभर खाली चुकावं.

जर्मन ब्रुअर इथे डिकॉक्शन करतात. मॅशचा दाट तिसरा हिस्सा वेगळा काढून तो ७२ अंशांवर पंधरा मिनिटं धरायचा, मग वीस मिनिटं उकळायचा आणि परत ओतायचा. सगळा मॅश ७६ च्या आसपास पोचतो. चव नक्कीच खोल होते. पण हा दाट लगदा पिठल्यासारखा तळाला लागतो, आणि एकदा करपला की राखेची चव शेवटपर्यंत जात नाही. जाड बुडाचं पातेलं आणि सतत ढवळणारा हात नसेल तर दुसरी वाट बरी: मॅशमधून पहिल्यांदा गाळून आलेल्या रसाचे तीन लिटर वेगळ्या पातेल्यात आटवून एक लिटर करायचे. काकवीसारखा रंग आणि तार दिसली की ते मुख्य भांड्यात ओतायचं. श्रम निम्मे, लाभ बराचसा तोच.

मॅश झाला की पहिले दोन-तीन लिटर काढून हलकेच वरून परत घाला, गढूळपणा जाईपर्यंत. मग ७६ अंशांच्या १३ लिटर पाण्याने चोथा धुवा. ते पाणी याहून गरम नको; सालांतला तुरटपणा उतरतो. सुमारे २९ लिटर वर्ट (माल्टचा गोड रस) जमेल. नमुना २० अंशांपर्यंत गार करून हायड्रोमीटर (घनतामापक) लावा: १.०५७-१.०५८ दिसायला हवं. जड मॅशमधून साखर नेहमीपेक्षा कमीच निघते, त्यामुळे १.०५२ आलं तर घाबरू नका. २० लिटरला दर १०० ग्रॅम सुक्या एक्स्ट्रॅक्टने घनता जवळपास ०.००२ ने चढते. त्यासाठीच ते हाताशी ठेवलं आहे.

उकळ

दोन तास. पहिल्या तासात फक्त वर्ट. पहिली उकळी फुटताना दुधासारखी उतू जाते, तेव्हा भांड्यापासून हलू नये. शेवटचा तास राहिला की हॉप्स, शेवटची पंधरा मिनिटं राहिली की व्हर्लफ्लॉक. वासासाठी शेवटी हॉप्स घालायचा मोह टाळावा. इथे नाकाला माल्टच यायला हवं.

आतून नळाचं पाणी वाहणारी कॉइल वर्टमध्ये बुडवून २० अंशांपर्यंत गार करा, साका खाली ठेवून निर्जंतुक फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) घ्या, आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ९ अंश झालं की यीस्ट. कोमट वर्टमध्ये यीस्ट घालून मग थंड करण्याचा आळशी मार्ग या बिअरला परवडत नाही. पहिल्या दोन दिवसांत यीस्ट तापलं की जे जड अल्कोहोल तयार होतं, त्याची घशातली जळजळ मुरवूनही जात नाही.

यीस्ट

सगळ्यात जास्त डॉपेलबॉक इथे बिघडतात. हे दह्याच्या विरजणासारखं नाही, की चमचाभर लावलं आणि झालं. लागरला दर मिलिलिटरला, दर प्लेटो (वर्टमधल्या साखरेचं माप) अंशामागे सुमारे १५ लाख पेशी लागतात. १.०८० म्हणजे १९ प्लेटोच्या थोडं वर. २० लिटरला हा हिशेब जवळपास ५८० अब्जांवर जातो. एका पाकिटाने साधी लागरही ओढून-ताणून होते, म्हणून इथे चार. पाकिटं महाग वाटतात, पण आठ किलो माल्ट आणि तीन महिने त्यांच्यावर टांगलेले असतात.

याहूनही चांगली युक्ती आहे. ऑगस्टच्या मध्यात त्याच यीस्टची १.०४८ ची हलकी हेलेस लागर चढवा. ती दुसऱ्या भांड्यात काढली की तळाला जो दाट पांढरट साका उरतो, त्यातला ४५० मिलिलिटर डॉपेलबॉकमध्ये ओता. हे यीस्ट जागं आणि भुकेलं असतं, काही तासांत कामाला लागतं. साका ३-४ अंशांवर झाकून ठेवून आठवड्याच्या आत वापरावा. आंबट वास आला तर फेकून द्यावा. साका वापरताना वर्टला प्राणवायू द्यावाच लागतो: शुद्ध ऑक्सिजन बारीक छिद्रांच्या दगडातून मिनिटाला एक लिटरने ९० सेकंद, किंवा फर्मेंटर पाच-सात मिनिटं जोरात हलवून. सुक्या यीस्टला याची एवढी निकड नसते.

फ्रिजच्या नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा, नाहीतर आकडा हवेचा दिसतो आणि आतली बिअर तीन अंश गरम असते. तापमान १० अंश ठेवा. घनता १.०४० च्या खाली आली, बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी, की रोज दोन अंश चढवत १६ वर न्या आणि तिथे पाच दिवस राहू द्या. लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल यीस्ट याच काळात परत खाऊन टाकतं. खात्रीसाठी थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात, ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर अजून तीन दिवस. थंड करण्याची घाई इथे केली तर तो वास बाटलीपर्यंत येतो.

१.०३० वर अडकलीच तर १८ अंशांवर आणा आणि फर्मेंटर हलकेच फिरवून यीस्ट उठवा. चार दिवसांत हलली नाही, तर एक पाकीट अर्धा लिटर वर्टमध्ये फसफसवून, फेस वर आलेला असतानाच ओता. कोरडं यीस्ट थेट शिंपडून उपयोग होत नाही. तयार अल्कोहोलमध्ये ते जागं होता होताच दमतं.

मुरवण आणि बाटल्या

तीन दिवस घनता एकच राहिली की सायफनने, खळखळाट न करता, गळ्यापर्यंत भरेल अशा काचेच्या भांड्यात किंवा केगमध्ये काढा. प्लास्टिकच्या बादलीत आठ आठवडे ठेवली तर हवा शिरून ओल्या पुठ्ठ्याची चव येते. रोज दोन अंश उतरवत १-२ अंशांवर आणा. थंड होताना बिअर आकसते आणि एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडून हवा अडवणाऱ्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्यात पाण्याऐवजी व्होडका घाला. मग फ्रिज उघडून पाहत बसू नका.

आठ आठवड्यांत बहुतेक यीस्ट तळाला बसतं. नुसत्या साखरेवर फेस आला तर आला. म्हणून बाटल्या भरताना २ ग्रॅम ताजं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घाला. साधी साखर लिटरला ५.५ ग्रॅम, हाती १८.५ लिटर आली तर १०० ग्रॅम. ती पाव लिटर पाण्यात उकळून, गार करून, भरण्याच्या भांड्यात तळाला घाला आणि त्यावर बिअर सोडा. ३३० मिलिलिटरच्या साधारण ५६ बाटल्या होतात. साखर अंदाजाने टाकू नका, आणि घनता स्थिर नसताना भरू नका; काच फुटते ती या दोन कारणांनी. एक बाटली प्लास्टिकची भरा. २० अंशांवर तीन आठवड्यांनी ती दाबून दगडासारखी लागली की बाकीच्याही तयार.

प्यायला काढताना ८ ते १० अंश असावी, बर्फासारखी गार नको. थंडीने माल्ट मुका होतो. लहान ग्लास, सावकाश ओत, शेवटचा बोटभर साका बाटलीतच. सहा-आठ बाटल्यांवर तारीख लिहून अंधाऱ्या थंड जागी ठेवा. पुढच्या नाताळापर्यंत त्यांत मनुका-खजुराची छटा उतरते.