माँटेव्हिडिओचं सेंतेनारिओ स्टेडियम कसं पाहावं

उरुग्वेच्या राजधानीतलं एस्तादिओ सेंतेनारिओ बाहेरून पाहिलं तर फारसं उंच वाटत नाही. मैदान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट जागेत आहे, त्यामुळे त्याचा खरा आकार आत गेल्यावरच कळतो. इथे युरोपातल्या बड्या क्लबांसारखी झगमगीत सफर नाही. पण पहिल्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना 30 जुलै 1930 रोजी इथेच झाला. 1983 मध्ये फिफाने या स्टेडियमला फुटबॉलचं ऐतिहासिक स्मारक म्हणून मान्यता दिली. ही ओळख मनात ठेवून आणि थोडी तयारी करून गेलात, तर इथे अर्धा दिवस सहज जातो.

1. दिवस ठरवा

सामन्याच्या दिवशी पर्यटकांना आत सोडतीलच असं नाही, त्यामुळे आधी सामन्यांचं वेळापत्रक पाहा. 2030 च्या विश्वचषकाचा शताब्दी सामना इथे खेळवायचं ठरलं आहे, म्हणून कामामुळे एखादा भाग बंद आहे का, हेही विचारून घ्या. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा असतो. उघड्या स्टँडमध्ये वारा चांगलाच बोचतो, जाकीट हवंच.

2. त्रेस क्रुसेसवरून चालत जा

त्रेस क्रुसेस हे शहराचं मुख्य बसस्थानक. तिथून पार्के बाट्ये या मोठ्या उद्यानातून रमतगमत चालत स्टेडियमला पोचता येतं. वाटेत बैलगाडी ओढणाऱ्या बैलांचं भलं मोठं ब्राँझ शिल्प लागतं, होसे बेयोनी यांचं ‘ला कारेता’. पाच मिनिटं थांबण्यासारखं आहे.

3. आधी संग्रहालय, मग मैदान

माझा आग्रह याच क्रमासाठी आहे. मैदानाच्या लांबीच्या बाजूच्या ओलिम्पिका स्टँडखाली फुटबॉल संग्रहालय आहे. तिथे 1924 आणि 1928 च्या ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा, 1930 च्या विश्वचषकाचा आणि 1950 च्या विश्वचषकात ब्राझीलला त्यांच्याच माराकाना स्टेडियममध्ये हरवल्याचा इतिहास जपला आहे. हे सगळं पाहून स्टँडमध्ये गेलात की समोरचं रिकामं मैदान रिकामं वाटत नाही. माहितीचे फलक बहुतेक स्पॅनिशमध्ये असतात, म्हणून मोबाइलवर भाषांतराचं ॲप तयार ठेवा.

4. स्टँडची नावं वाचा

मैदानाच्या दोन टोकांच्या स्टँडची नावं कोलोम्बेस आणि आम्स्टरडाम. उरुग्वेने 1924 मध्ये पॅरिसजवळच्या कोलोम्बमध्ये आणि 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला ऑलिम्पिक जिंकलं, त्याचीच ही आठवण. लांबीच्या दोन बाजूंना ओलिम्पिका आणि आमेरिका. ओलिम्पिकाच्या वर ‘तोर्रे दे लोस ओमेनाहेस’ हा मानवंदनेचा मनोरा उभा आहे. तो पर्यटकांसाठी उघडा असेल तर नक्की वर जा.

5. बसा आणि 1930 आठवा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि फोटो काढून निघतात. तसं करू नका. एका जागी निवांत बसा.

वास्तुविशारद हुआन आंतोनियो स्कास्सो यांचं हे काम घाईघाईत, रात्रंदिवस पाळ्या लावून उरकलं गेलं. तरीही स्पर्धा 13 जुलैला सुरू झाली तेव्हा स्टेडियम तयार नव्हतं. 18 जुलैला, उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेच्या शताब्दीदिनी, ते उघडलं. ‘सेंतेनारिओ’ हे नाव त्या शताब्दीचंच. त्या दिवशी पेरूविरुद्धचा एकमेव गोल उरुग्वेच्या एक्तोर कास्त्रोने केला. लहानपणी विजेच्या करवतीने त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता.

अंतिम सामन्यासाठी अर्जेंटिनाचे हजारो पाठीराखे बोटींनी दोन्ही देशांमधली रिओ दे ला प्लाता नदी ओलांडून आले. चेंडू कोणाचा वापरायचा यावरून वाद झाला, शेवटी पहिल्या सत्रात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्या सत्रात उरुग्वेचा चेंडू घेतला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 ने पुढे होता. दुसऱ्या सत्रात उरुग्वेच्या सेआ आणि इरियार्ते यांनी गोल केले, आणि अगदी शेवटी पुन्हा कास्त्रोने. उरुग्वे 4, अर्जेंटिना 2. दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी होती. हे सगळं तुमच्या समोरच्या त्या हिरवळीवर घडलं.

6. सामना पाहायचा असेल तर

पेन्यारोल आणि नासियोनाल या दोन्ही मोठ्या क्लबांची स्वतःची मैदानं आहेत, त्यामुळे इथे पाहायला सर्वात चांगला तो राष्ट्रीय संघाचा सामना. या दोन क्लबांची लढत इथे असेलच, तर परंपरेने आम्स्टरडाममध्ये पेन्यारोलचे आणि कोलोम्बेसमध्ये नासियोनालचे पाठीराखे बसतात. पाहुण्याने ओलिम्पिका किंवा आमेरिकाचं तिकीट घ्यावं आणि दोन्ही क्लबांच्या रंगांचे कपडे टाळावेत.

7. दिवस उरला तर पोसितोसला जा

विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल सेंतेनारिओवर झालाच नाही. फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँने तो 13 जुलैला मेक्सिकोविरुद्ध केला, पोसितोस भागातल्या मैदानावर. ते मैदान केव्हाच पाडलं गेलं, तिथे आता रस्ते आणि घरं आहेत. मैदानाचा मध्यबिंदू आणि तो गोल झाला ती जागा दाखवणारी शिल्पं मात्र उभारलेली आहेत. नेहमीच्या वस्तीतली असल्याने ती सहज नजरेत भरत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वीच नकाशावर खूण करून ठेवा. घरांसमोर उभं राहून फोटो काढताना तिथे राहणाऱ्यांची वाट अडवू नका.