जुन्या कागदातलं पायदळ कसं वाचायचं

बखरी किंवा पेशव्यांची पत्रं वाचायला घेतली की शब्द ओळखीचे वाटतात, त्यामुळे डिक्शनरी उघडावीशीच वाटत नाही, आणि नेमकं तिथेच आपण फसतो. 'बाण सोडले' वाचून कित्येक दिवस माझ्या डोळ्यासमोर धनुष्यवाले यायचे. धनुष्याने सोडतात तो तीर. मराठी कागदात बाण म्हणजे बहुतेक वेळा दारू ठासलेली नळी, लांब काठीला बांधलेली, पेटवून सोडायची, थोडक्यात रॉकेटच. बाणांचे उंट असा उल्लेख आला की मग शंकाच घेऊ नका.

तर आधी माणूस कोण ते बघा. शिलेदार आणि बारगीर दोघंही घोडेस्वार, एकाचं घोडं स्वतःचं, दुसऱ्याचं सरकारी, त्यांना पायदळात घुसवायचं नाही (ऐतिहासिक कथा लिहिणारे हे हमखास करतात). पायी लढणारा तो पाईक, प्यादा, नाहीतर हशम.

मग हुद्दा. सभासद बखरीत शिवकाळातली उतरंड आहे: दहा माणसांमागे नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, आणि सात हजारींवर सरनौबत, पायदळाचा म्हणजे येसाजी कंक. गंमत अशी की पायदळातला हवालदार पन्नासेक माणसांचा, पागेतला (सरकारी घोडदळातला) मात्र 25 बारगिरांचा, त्यामुळे नुसतं 'हवालदार' वाचून माणसं मोजायला बसू नका, आधी तो कुठल्या दळातला ते शोधा.

हत्यारांत विटा बघा. विटांचा काही संबंध नाही! तो विटा, एकवचनी, फेकायचा भाला, मागे दोरी बांधलेली असते म्हणजे फेकून परत ओढून घेता येतो. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. बंदूक बहुतेक तोड्याची (तोडा म्हणजे हळूहळू जळणारी दोरी), आणि ती उडवायची कशी हे डोळ्यासमोर असलं की अर्धी वाक्यं आपोआप सुटतात: नळीत दारू आणि गोळी टाकून गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या मागच्या भोकाशी, रंजक (पेट घ्यायची बारीक दारू) घालायची, पेटत्या तोड्याने तिला बत्ती द्यायची. तोडा पावसात भिजला की बंदूक म्हणजे काठी. पुढे चकमकीची बंदूक आली, म्हणून वाक्यात 'चकमक' दिसली तर ती गारगोटी की झटापट ते मागचंपुढचं वाचून ठरवा.

आता रचना. मोर्चा म्हणजे घोषणा देत चालणं नाही, तोफा-बंदुका लावून धरलेली आडोशाची जागा, म्हणून तर 'मोर्चे बांधले' म्हणतात. बिनी म्हणजे सगळ्यात पुढची तुकडी. आणि गोल, जो पानिपतच्या वर्णनात, 14 जानेवारी 1761 च्या, सारखा येतो, त्यात कंपास घेऊन वर्तुळ काढायचं नाही. बाहेरून तोफा, मराठ्यांकडच्या इब्राहिमखानाचे कवायती गारदी (बंदूकवाले शिपाई) आणि बाकीची फौज, आत बुणगे म्हणजे न लढणारी माणसं आणि सामान, आणि हे सगळं एकत्र सरकवत न्यायचं असा तो बेत होता. स्वार मध्येच पुढे धावले की भिंतीला खिंडार पडलंच. बाजारबुणगे ही शिवी याच बुणग्यांची.

गारदी शब्द मात्र तारीख बघून वाचा. पानिपतात तो शिस्तीने बंदूक चालवणारा शिपाई आहे, 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाल्यावर त्याच शब्दाला मारेकऱ्याचा वास येतो.