गाठीखालचं ते निळं पाणी

कोथरूडच्या आमच्या काकांचा मोठ्या आतड्यातला पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) दुर्बिणीतून काढायचं ठरलं. "आधी इंजेक्शन देऊन फुगवणार" हे ऐकूनच ते धास्तावले. खरं तर ही सुरक्षेची सोय आहे. गाठीखालच्या थरात द्रव सोडला की ती फुलक्यासारखी वर येते आणि खालचा स्नायू भाजण्या-फाटण्यापासून वाचतो. गाठ उचललीच गेली नाही, तर ती खोल रुजल्याची किंवा आधीच्या बायोप्सीच्या व्रणाची शंका घेतात.

साधं सलाइन स्वस्त, पण काही मिनिटांत जिरतं. छोट्या पॉलिपला पुरतं. मोठ्या, चपट्या गाठीला जिलेटिन, ग्लिसरॉल किंवा हायलुरोनेटचं द्रावण जास्त टिकतं. हायलुरोनेट महाग, म्हणून खर्चाचा अंदाज घेताना कोणतं वापरणार ते विचाराच. (पुणेकर भाव विचारायला लाजतो थोडाच!) द्रवात मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळला असेल तर नंतर लघवी हिरवट-निळसर दिसू शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि अ‍ॅलर्जी आधीच सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. पुढचे दोन आठवडे जोरात पोटदुखी, ताप किंवा शौचातून रक्त दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.