जुन्या जीपचं पुढचं चाक कललंय? आधी प्ले (ढिलेपणा) शोधा

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बीसारख्या जीपला पुढे अखंड अ‍ॅक्सल असतो. चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, कमी-जास्त करायला त्यावर एकही बोल्ट दिलेला नाही. अ‍ॅक्सल बनतानाच तो ठरतो. त्यामुळे ‘अलाइनमेंट करून घ्या, सरळ होईल’ हा सल्ला इथे साफ चुकीचा आहे. अलाइनमेंटवाला टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) फिरवून फक्त टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू किती आत वळलीय ते, बदलू शकतो. चाक कललंय म्हणजे काहीतरी झिजलंय, ढिलं झालंय किंवा वाकलंय. ते काय हे कळेपर्यंत एकही नवा पार्ट विकत घेऊ नका.

आधी मोजमाप. टायरमध्ये सारखी हवा, सपाट जागा, स्टीअरिंग सरळ. स्टीअरिंग थोडं जरी वळलेलं असलं तरी कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) आणि किंगपिनच्या (ज्यावर चाक वळतं त्या खिळ्याच्या) आतल्या कलामुळे कॅम्बरचं माप बदलतं. चाकाशेजारी ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. टायरवरून मोजू नका, तो खाली फुगलेला असतो. या जीपचा मूळ कॅम्बर दीड अंश आहे, तोही वरून बाहेर. १६ इंची रिमवर त्याचे साधारण ११-१२ मिमी होतात. म्हणजे दोन्ही चाकं वरून तेवढी बाहेर कललेली दिसणं हा दोष नाहीच. दोन चाकांत ४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल किंवा एखादं चाक वरून आत झुकलं असेल, तर पुढे जा. फरशीचा संशय आला तर जीप त्याच जागी उलट तोंडाने लावून परत मोजा.

मग रिमवर खडूची खूण करा, जीप चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे घ्या आणि पुन्हा मोजा. माप बदललं तर रिम वाकडी आहे.

कमान (पाट्यांची स्प्रिंग) तुटली तर जीप एका बाजूला बसते, पण चाक अ‍ॅक्सलशी ठरलेल्या कोनातच राहतं. त्यामुळे कमानी बदलून कल जाणार नाही.

आता खरी चुकण्याची जागा. मागच्या चाकांना दगड लावा, जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावून चाक उचला आणि खाली स्टँड द्या. टायर वर आणि खाली धरून एकदा वरून ओढा, एकदा खालून. ‘टक’ असा प्ले लागला की बहुतेक जण लगेच व्हील बेअरिंगचं नाव घेतात आणि हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) नट आवळतात. तो प्ले किंगपिनचा असेल तर आवळलेलं बेअरिंग तापून जळतं आणि चाक होतं तसंच कललेलं राहतं. म्हणून दुसऱ्या माणसाला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब बॅकिंग प्लेटशी (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याशी) जखडला जातो. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर दोष त्याच्या आत.

एवढ्यावर निकाल लावू नका. ब्रेकचा सिलिंडर अडकला असेल तर ड्रम धरलाच जात नाही आणि चांगल्या किंगपिनवर आळ येतो. ब्रेक दाबलेला असताना चाक हाताने फिरत नाही ना, हे आधी बघा. मग टॉर्च घेऊन खाली वाका. चाक हलवताना नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) आणि आतला गोल बॉल यांच्यामधली फट कमी-जास्त होते का? होत असेल तर किंगपिन बेअरिंग. नकल स्थिर आणि बॅकिंग प्लेट हलतेय? तर स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतो त्या दांड्याचे) सहा बोल्ट ढिले. तिथे गंजाची तांबूस पूड दिसली की ओळखायचं. चाक डावी-उजवीकडे धरून जाणवणारा प्ले बहुतेकदा टाय रॉडचा असतो. त्याने कल येत नाही.

व्हील बेअरिंग असेल तर नट चाक अडेपर्यंत आवळून एक षष्ठांश फेरा मागे घ्या आणि लॉक वॉशर वाकवा.

किंगपिनला मात्र घाई नको. नुसत्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून प्ले घालवायचा सल्ला सर्रास मिळतो. आधी बेअरिंगच्या कपमध्ये (रोलर ज्यात फिरतात त्या कड्यात) नख फिरवा. रोलरच्या रेषांत नख अडकलं तर कप गेला. त्यावर शिम काढल्या तर स्टीअरिंग मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडतं. बेअरिंग आणि कप जोडीनेच बदला, वरचं आणि खालचं दोन्ही. वर-खाली शिमची जाडी सारखी ठेवा, नाहीतर नकल मध्यातून सरकतो. ऑइल सील आणि टाय रॉड काढून, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढा. ५.४ ते ७.३ किलोवर नकल फिरायला हवा.

प्ले कुठेच नाही, रिमही सरळ, तरी चाक कललेलं? मग काहीतरी वाकलंय. अलाइनमेंट केंद्रात कॅम्बरबरोबर किंगपिनचा कलही मोजून मागा. मूळ साडेसात अंश. दोन्हींची बेरीज ९ यायला हवी. कॅम्बर उणे अर्धा (म्हणजे वरून अर्धा अंश आत) आणि किंगपिन साडेनऊ आला तर बेरीज बरोबर आहे, म्हणजे अ‍ॅक्सलची नळी वाकलीय. कॅम्बर उणे अर्धा पण किंगपिन साडेसातच असेल तर दोष स्पिंडल किंवा नकलमध्ये. खड्ड्यात आदळून नळी वाकली की चाक वरून आत जातं. झिजेनेही ते आतच जातं. वरून जास्त बाहेर गेलेलं चाक दिसलं तर बाजूने बसलेला फटका किंवा कुणीतरी साखळी-जॅकने केलेली ओढाताण शोधा.

नळी गॅसने तापवून सरळ करून देणारे भेटतील. त्यांना ती देऊ नका. तापवलेल्या जागी ती कमजोर होते आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच वाकते. दुसरं हाउसिंग (नळीसकट बाहेरचं कवच) बघा, आणि बसवल्यावर कॅम्बर पुन्हा मोजा. टो-इन सगळ्यात शेवटी: १.२ ते २.४ मिमी.