मॉरिशसची सहल आखताना: आधी किनारा ठरवा, हॉटेल नंतर

मॉरिशस हे बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे कुठेही राहिलं तरी चालेल, असं वाटतं. बहुतेक सहली नेमक्या इथेच फसतात. एकाच दिवशी पूर्व किनाऱ्यावर अंगावर वाळू उडवणारा वारा असतो, मधल्या पठारावर क्यूरपिपला पाऊस पडत असतो आणि पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला स्वच्छ ऊन असतं. म्हणून महिना ठरला की आधी किनारा निवडा. हॉटेल, गाडी आणि रोजचा कार्यक्रम त्यानंतर ठरवा.

महिना आणि वारा

बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, मे ते ऑक्टोबर कोरडा हिवाळा. हिवाळ्यात आग्नेयेकडून सतत व्यापारी वारे वाहतात. जून ते ऑगस्टमध्ये पूर्वेच्या बेल मार आणि इल ओ सेर्फ बेटाच्या बाजूला त्यांचा जोर सर्वाधिक असतो. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, बोटींच्या फेऱ्या रद्द होतात आणि पाण्याचं तापमान २२-२३ अंशांवर येतं. मधले डोंगर वारा अडवतात, म्हणून याच काळात पश्चिमेचे फ्लिक-आँ-फ्लाक आणि तामारँ तसंच वायव्येचे त्रू-ओ-बिश आणि माँ श्वाझी हे किनारे शांत असतात. उन्हाळ्यात उलट होतं. पश्चिमेला उकडतं आणि पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो.

आपल्या सुट्ट्यांशी याचा मेळ चांगला बसतो. दिवाळीच्या सुट्टीचा काळ, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, सर्वांत चांगला. पाऊस कमी, वारा मंदावलेला, पाणी कोमट होऊ लागलेलं. मे महिन्यात जायचं असेल तर पंधरा तारखेनंतरचं तिकीट घ्या. एप्रिलमध्ये पाऊस रेंगाळतो, मेअखेर मात्र हवा कोरडी होते आणि पाणी अजून उबदार असतं. नाताळचा आठवडा महाग असतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. त्या काळात जाणार असाल तर तारखा बदलता येणारं तिकीट आणि विमा घेतल्याशिवाय पैसे भरू नका. वादळाचा इशारा १ ते ४ अशा पातळ्यांत दिला जातो. तिसऱ्या पातळीला बस बंद होतात आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याची नोंद झाली की चौथी पातळी. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याच्या लोंढ्यात गाड्या वाहून गेल्या होत्या. इशारा लागला की हॉटेलवाले सांगतील तसं वागा, 'पाऊस थांबलाय, जरा चक्कर मारून येऊ' असा विचारसुद्धा करू नका.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, शिक्का विमानतळावर मिळतो. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मागतात. तिन्ही गोष्टी छापील ठेवा, कारण रांगेत उभं असताना फोनला नेटवर्क असेलच असं नाही. निघण्यापूर्वी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन प्रवास अर्ज भरायचा असतो. तो मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नसतं, ते बंद करा.

मलेरिया बेटावरून हटवलेला असल्यामुळे भारतातून येणाऱ्यांची आरोग्य खातं जास्त चौकशी करतं. राहण्याचा पत्ता खरा आणि पूर्ण लिहा. ताप आला तर लपवू नका. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे रुग्ण मात्र तिथे आढळतात, म्हणून डासांचं मलम बरोबर हवंच.

औषधांच्या बाबतीत कायदा कडक आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि विमानतळावर स्वतःहून दाखवा. ई-सिगारेट नेऊच नका. ताजी फळं, बिया, रोपं यांना परवाना लागतो, तेव्हा डब्यातला आंबा विमानातच संपवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दोन कापडी पिशव्या ठेवा.

पैसे

मॉरिशसचा रुपया आपल्या साधारण पावणेदोन ते दोन रुपयांना पडतो. तिथल्या पाटीवरचा आकडा दुप्पट धरा, हिशोब चुकणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं आहे, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. डालपुरीची गाडी, बस आणि टॅक्सी यांना रोख लागते. भारतातून थोडे डॉलर किंवा युरो न्या आणि तिथे बदलून घ्या.

हॉटेलच्या दराखेरीज ऑक्टोबर २०२५ पासून माणशी दर रात्री ३ युरो पर्यटक शुल्क लागू झालं आहे. ते बुकिंगमध्ये धरलंय की तिथे द्यायचंय, हे आधी विचारा. पॅकेज घेतलंत तर कंपनी टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा होणारा आगाऊ आयकर, घेते. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता होतो. फक्त पॅन क्रमांक बरोबर दिलाय ना, हे पाहा.

कुठे राहायचं

सात रात्रींची सहल असेल तर मुक्काम दोन ठिकाणी करा: चार रात्री उत्तरेला आणि तीन पश्चिमेला किंवा नैऋत्येला. कारण सरळ आहे. उत्तरेच्या ग्रां बे गावापासून नैऋत्य टोकाचा ल मॉर्न डोंगर सत्तरेक किलोमीटरवर आहे, पण वाटेत पोर्ट लुई लागतं. तिथे सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी साडेतीननंतर वाहनांची कोंडी ठरलेली. एकाच हॉटेलातून सगळं बेट पाहायचं ठरवलं की रोजचे तीन-चार तास गाडीत जातात.

पूर्व किनाऱ्यावरची मोठी रिसॉर्ट सुंदर आहेत, पण आजूबाजूला उसाचे मळे. संध्याकाळी बाहेर पडून जेवायला जागा नसते. तिथे राहणार असाल तर रात्रीच्या जेवणासह दर घ्या आणि शाकाहारी किंवा जैन जेवणाची मागणी बुकिंगच्या वेळीच लेखी द्या. कुटुंबाबरोबर असाल, रोज वरण-भात लागत असेल, तर ग्रां बे, त्रू-ओ-बिश किंवा फ्लिक-आँ-फ्लाकमधलं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट उत्तम. डाळ, तांदूळ, आटा, मसाले तिथल्या सुपरमार्केटात मिळतात. सामानात कुकर कोंबायची गरज नाही.

तिथलं सॉकेट आपल्या पिनला चालत नाही. भिंतीत तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश सॉकेट असतं, कुठे कुठे दोन गोल पिनांचं. ब्रिटिश अडॅप्टर घरूनच न्या.

फिरायचं कसं

विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आहे. माएबूर पंधरा मिनिटांवर, फ्लिक-आँ-फ्लाक तासाभरावर, ग्रां बे सव्वा तासावर. मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही. ती पोर्ट लुई ते क्यूरपिप या पट्ट्यात धावते. टॅक्सीवाले मीटर टाकत नाहीत, म्हणून बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते एका फेरीचं की जाऊन-येऊन, हेही स्पष्ट बोलून घ्या.

स्वतः गाडी चालवायची तयारी असेल तर तेच सर्वांत सोयीचं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून न्या. अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर अडकवतात, डेबिट कार्ड अनेक कंपन्या घेत नाहीत. चौकात गोलाकार वळणावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. हा नियम तिथे खरोखर पाळतात. गावांमधले रस्ते अरुंद, कडेला उघडं खोल गटार, दिवे कमी. जूनमध्ये पावणेसहालाच सूर्य मावळतो, म्हणून डोंगरातला कार्यक्रम चारपर्यंत आटपा. जून ते डिसेंबर ऊसतोडणीचा हंगाम. उसाने भरलेल्या ट्रकमागे अडकलात तर धीर धरा. आणि फोनचा नकाशा उसाच्या मळ्यातून जवळची वाट दाखवू लागला तर तिकडे वळू नका. ती बहुधा मळ्याची खाजगी कच्ची वाट असते.

बस स्वस्त आणि चांगली, पण संध्याकाळी लवकर थांबते. पोर्ट लुईसाठी मात्र बसच घ्या. उत्तरेकडून येणारी बस इमिग्रेशन स्क्वेअरला सोडते आणि आप्रवासी घाट तिथून अगदी लागून आहे. १८३४ नंतर आणलेले सुमारे साडेचार लाख कंत्राटी मजूर याच मार्गाने बेटावर आले. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकण आणि साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. दगडी पायऱ्या आणि आतलं माहिती दालन यांना निवांत दीड तास द्या. चालत दहा मिनिटांवर सेंट्रल मार्केट आहे. घाट पाहून भूक लागली की तिथे जा.

खाणं

बाजारात डालपुरी खा. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ, मऊ पुरी, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि मिरचीची चटणी, सगळं गुंडाळून कागदात. ती जोडीनेच विकतात, म्हणून 'एक' मागितलं की दोन पुऱ्या हातात येतात. मिरची सांगितली नाही तर बेताने घालतात. गातो पिमां म्हणजे डाळवड्याचा भाऊ. तो सकाळी गरम असतानाच चांगला लागतो. सब्जा घातलेलं थंड आलूदा दुधाचं असतं, मात्र ते अनेक ठिकाणी समुद्री शेवाळाच्या अगार-अगार ऐवजी प्राण्यांपासूनचं जिलेटीन वापरूनही करतात, शाकाहारींनी विचारून घ्या.

फ्राइड नूडल्स 'व्हेज' मागितल्या तरी त्यात ऑयस्टर सॉस किंवा अंडं असू शकतं. क्रिओल या तिथल्या बोलीभाषेत दोन वाक्यं पाठ करा: 'मो पा मांझ लाव्यान', म्हणजे मी मांस खात नाही, आणि 'पा मेत दिझेफ', अंडं घालू नका. इंग्रजीपेक्षा याने काम लवकर होतं आणि समोरचा हसून दोन गोष्टी जास्त सांगतो.

समुद्र आणि डोंगर

बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि आतलं पाणी उथळ, शांत असतं. पण भिंतीत जिथे खिंड असते तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात बाहेर ओढतो. खिंडीजवळ पोहू नका. दक्षिणेला सुइयाकजवळच्या ग्री-ग्रीला भिंतच नाही. तिथे लाटा पाहायच्या, पाण्यात उतरायचं नाही.

पाण्यात जाताना रबरी तळाचे बूट घालाच. समुद्री अर्चिन या गोल काटेरी जिवाचे काटे रुततात, आणि दगडासारखा दिसणारा दगडमासा, ज्याला तिथे लाफ म्हणतात, त्याच्यावर पाय पडला तर वेदना असह्य होतात. तसं झालं तर पाय सोसवेल इतक्या गरम, साधारण ४०-४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. त्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. बर्फ लावू नका. पाणी भाजण्याइतकं नाही ना, हे दुसऱ्याने हात घालून तपासावं, कारण वेदनेत चटका कळत नाही.

ल मॉर्न चढायचा असेल तर सहालाच पायथ्याशी हजर राहा. पहिला टप्पा रुंद, सोपा. त्यापुढे हातापायांनी खडक धरून चढावं लागतं, आणि ओला असेल तर तो खडक निसरडा होतो. आदल्या रात्री पाऊस झाला तर बेत पुढे ढकला. जाऊन-येऊन चार तास आणि माणशी दोन लिटर पाणी धरा. त्याच दिवशी दुपारी शामारेलची सात रंगांची माती पाहता येते. पठारावरचा गंगा तलाव वेगळ्या दिवशी ठेवा, तिथे अंगात स्वेटर लागतो. महाशिवरात्रीच्या आठवड्यात लाखो भाविक पायी जातात आणि रस्ते भरलेले असतात, तेव्हा दर्शन घ्यायचं असेल तर स्थानिकांना वेळ विचारूनच निघा.

ल मॉर्नजवळचा 'पाण्याखालचा धबधबा' किनाऱ्यावरून किंवा बोटीतून दिसत नाही. तो वाळूच्या प्रवाहाने होणारा भास आहे आणि फक्त हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातून दिसतो. बोटवाल्याने तो दाखवायचं कबूल केलं तर दुसरा बोटवाला शोधा.

कॅटामरान या जोड-सांगाड्याच्या बोटीची सफर वाऱ्याप्रमाणे निवडा. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेला इल ओ बेनितिये बेट, इतर वेळी पूर्वेला इल ओ सेर्फ. बुकिंग पहिल्या दोन दिवसांतलं घ्या. हवेमुळे रद्द झालं तर पुढची तारीख हाताशी राहते.

वारांचा हिशोब

रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद असतात आणि सार्वजनिक किनाऱ्यांवर स्थानिक कुटुंबं जेवणाचे डबे घेऊन येतात. गुरुवारी दुपारी क्यूरपिप, रोझ हिलसारख्या पठारावरच्या गावांत दुकानं लवकर बंद होतात. त्या दिवशी सकाळी कात्र बोर्नचा कपड्यांचा बाजार करा. सोमवारी माएबूरचा बाजार भरतो. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मिरवणुका आणि विसर्जन पाहायचं असेल तर मराठी वस्तीचं कास्काव्हेल आणि जवळचे पश्चिम किनारे गाठा, गाडी मात्र लांब उभी करावी लागेल.

परतीचं विमान पहाटेचं किंवा सकाळचं असेल तर शेवटची रात्र माएबूर किंवा ब्लू बेला काढा. उत्तरेकडून निघालात तर पोर्ट लुईच्या कोंडीसाठी एक तास जादा धरा. उरलेले मॉरिशस रुपये विमानतळावरच बदला किंवा खर्च करा, ते भारतात बदलून मिळणं अवघड असतं.