नाकात हरभरा, कानात किडा: आधी हात आवरा

हरभऱ्याची सोंगणी सुरू झाली की आमच्या ओपीडीतही हरभरा यायचा, पोरांच्या नाकातून. गणपतीत थर्माकोलचे गोळे आणि मखराचे मोती, जूनमध्ये शाळा उघडली की खोडरबराचे तुकडे. कान-नाक-घसा विभागात मी 27 वर्षं सिस्टर होते. नुसती वस्तू बघून महिना सांगितला असता.

हरभऱ्याची मला कधी धास्ती वाटली नाही. धास्ती वाटायची ती घरच्या प्रयत्नांची. आईनं हेअरपिन घातलेली, काकानं चिमटा, शेजारच्या मावशींनी उदबत्तीची काडी. गोल, गुळगुळीत वस्तू चिमट्यात येत नाही. चिमटा मिटला की ती पुढे सटकते. मग नाक सुजतं, रक्त येतं, आणि पोर इतकं बिथरतं की डॉक्टरांना जवळ फिरकू देत नाही. पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा असतो, तो हेअरपिनवर घालवू नका.

सगळ्यात आधी काय गेलंय ते शोधा, आणि न ओरडता विचारा. ओरडलात तर ‘मी नाही घातलं’ एवढंच ऐकायला मिळेल. जवळ खेळणं, घड्याळ, गाडीचा रिमोट, वजनकाटा पडला असेल तर त्यातला चपटा बटण सेल जागेवर आहे का बघा. नसेल तर पुढचं वाचू नका, निघा. मध्यरात्र असली तरी निघा. नाकाच्या किंवा कानाच्या ओल्या कातडीला सेल टेकला की त्यातून वीज वाहते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि दोन तासांतच आतून भाजायला लागतं. नाकाच्या मधल्या पडद्याला कायमचं भोक पडलेली मुलं मी पाहिली आहेत. पाणी, तेल, नाकाचे थेंब काही घालू नका. भूल द्यावी लागू शकते म्हणून वाटेत खायला-प्यायलाही देऊ नका. तसाच दुसरा सेल किंवा पाकीट असेल तर सोबत घ्या. दोन नाकपुड्यांत दोन लोहचुंबक गेले असतील तर तीच घाई करा, ते मधला पडदा चिमटून धरतात.

हरभरा, मोती, चिंचोका असं काही नाकात असेल आणि पोर नीट श्वास घेत असेल, तर घरी एक उपाय करता येतो. जरा कळत्या मुलाला मोकळी नाकपुडी बोटानं दाबून, तोंड मिटून जोरात शिंकरायला सांगा. लहानग्याला शिंकरता येत नाही, ते उलट आत ओढतं. त्याच्यासाठी ‘आईचा पापा’. 1965 साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी ही युक्ती छापली. आम्ही ती बाकावर बसलेल्या आयांना तिथल्या तिथे शिकवायचो.

‘आई तुला मोठ्ठा पापा देणार’ म्हणा. पोराला मांडीवर बसवा. मोकळी नाकपुडी बोटानं बंद करा, त्याच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड पक्कं ठेवा, फट राहू देऊ नका. हळू फुंका. आत अडल्यासारखं लागलं की एक छोटी, झटक्याची फुंकर. हवेला वाट उरते ती हरभरा अडकलेल्या नाकपुडीतूनच, त्यामुळे हरभरा थेट आईच्या गालावर येतो. दहातल्या साधारण सहा वेळा जमतं. दोन-तीनदा करून नाही जमलं तर थांबा. टोकदार वस्तूला हे करू नका. तपकीर हुंगवून शिंक काढायचा उद्योगही नको. शिंकेआधी मूल खोल श्वास आत घेतं. वस्तू श्वासनळीत गेली तर अचानक ठसका लागतो, श्वासाला घरघर येते. तसं झालं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

कानाचं तंत्र वेगळं. तिथे मागून फुंकायला वाट नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर, पुढे पडदा. काडी घातलीत की वस्तू पडद्याकडेच जाते. धान्य असेल तर पाणी अजिबात घालू नका. रात्री कोरडा असलेला वाटाणा सकाळी टम्म फुगून बसतो. दुखत नसेल तर रात्र जाऊ द्या, सकाळी ओपीडी गाठा.

जिवंत किडा मात्र रात्र काढू देत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना हा अनुभव असेल: पडद्यावर पाय फडफडतात आणि डोक्यात ढोल वाजल्यासारखं होतं. टॉर्च दाखवला की किडा बाहेर येतो म्हणतात. झुरळ उजेडाला घाबरून आणखी आत शिरतं. कान वर करून कुशीवर झोपवा, पाळी मागे-वर ओढा (लहान मुलाची मागे-खाली), आणि हाताला कोमट लागेल इतपतच खोबरेल किंवा गोडेतेल सोडा. कढवलेलं तेल नको, लसूणही नको. किडा गुदमरून मरतो, फडफड थांबते. मेलेला किडा डॉक्टर काढतील. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल, तर तेलसुद्धा घालू नका.

काही पोरं सांगतच नाहीत. एका मुलाला कुठेतरी तीन आठवडे सर्दीचं औषध चालू होतं. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. याचा पू एकाच बाजूनं, आणि वास असा की आजी त्याला जवळ झोपू देईना. आत निघाला गादीचा स्पंज. लहान मुलाची एकच नाकपुडी घाण वास मारत असेल, तर काहीतरी अडकलंय असं धरूनच चला.

आणि हरभरा निघाला म्हणून लगेच रिक्षा बोलावू नका. एक ताई आनंदानं निघाल्या होत्या, पोर दारातून परत वळलं आणि म्हणालं, ‘मावशी, दुसरा?’ तो डाव्या कानात होता.